तोंडाला पाणी सुटत नाही तेव्हा

आजचा विषय आहे लाळ. हो, लाळच. हेडफोन काढू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आहे तोवर तिला कोणी विचारत नाही. माझ्या मामांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन द्यावं लागलं. कॅन्सर आटोक्यात आला, पण लाळग्रंथींना किरणांचा मार बसला. ज्वारीच्या भाकरीशिवाय न जेवणारा हा माणूस म्हणाला, "अरे, घास नुसता तोंडात फिरतोय, खाली उतरतच नाही."

सगळे एकच सल्ला देतात, पाणी पी. ठीक आहे, पण लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ती ॲसिड शमवते, दातांना कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरवते. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ कमी म्हणजे दात भराभर किडणार, तोंडात बुरशी येणार. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस बंद पडते आणि बग भलतीकडेच दिसतात.

मामांच्या बाबतीत काय उपयोगी पडलं? दर थोड्या वेळाने एकेक घोट पाणी. भाकरी आमटीत कुस्करून, भात मऊ. फरसाण, चिवडा बंद. बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं की उरलेल्या ग्रंथी जरा जाग्या होतात. (झायलिटॉलवालं असेल तर घरातल्या कुत्र्यापासून लांब ठेवा, त्याला ते विषारी असतं.) लिंबाच्या गोळ्यांनी लाळ सुटते खरी, पण त्यांचं ॲसिड दातांना नको. माउथवॉश अल्कोहोल नसलेलाच घ्या. मेडिकलमध्ये कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं, असर मात्र थोडाच वेळ टिकतो. झोपेत लाळ अगदीच कमी होते, म्हणून उशाशी तांब्या. पायलोकार्पिनच्या गोळ्याही असतात, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर त्या त्रासदायक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पंचविशीतले, आमचा काय संबंध? सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनवरची काही औषधं, बीपीच्या काही गोळ्या, यांनीही तोंड कोरडं पडतं. गोळी मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय किंवा डोस बदलता येतो. कोरडीबरोबर सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन घटत असेल तर शुगर तपासा. डोळेही कोरडे आणि सांधे दुखत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तंबाखू-गुटख्याबद्दल मी काय वेगळं सांगू, मामांची गोष्ट ऐकलीतच.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मध्यंतरी मामांची दाढ दुखायला लागली. एका दवाखान्यात ती काढायची तारीखही ठरली, आधीच्या आजाराबद्दल कोणी विचारलंच नाही. मामींनी स्वतःहून रेडिएशनची फाईल पुढे केली, तेव्हा सगळं थांबलं. रेडिएशन झालेल्या जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, दात काढल्यावर तिथलं हाड मरूही शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, मग दाढ न काढता रूट कॅनाल केलं. तुमच्या घरात कोणाचं असं रेडिएशन झालेलं असेल, तर त्या फाईलचे फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात.