गोठ्यातील वही

(माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गोठा असेल. ज्यांच्या घरी नसेल, त्यांच्या दारात सकाळी दूध तरी येतच असेल. म्हणून आज जे सांगणार आहे, ते तुम्हां सर्वांच्या उपयोगाचे आहे.

मी लहान असताना आमच्या घरी कपिला नावाची गाय होती. एका वर्षी तिला छान तांबडी कालवड झाली. आम्ही भावंडे आनंदाने नाचू लागलो. कालवड उठून आचळांशी लुचू लागली, तेव्हा आजीने तिला बाजूला बांधायला सांगितले. गाईची वार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. वार पडायला रात्र झाली. चौथ्या दिवशी ती कालवड हगवणीने दगावली. पुढे कपिला केव्हा माजावर आली, याची कोणी नोंद ठेवली नाही. दीड वर्ष ती भाकडच राहिली. शेवटी "ही गाय परवडत नाही," असे म्हणून वडिलांनी तिला बाजारात विकले. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही.

पुढे शिकल्यावर मला कळले, की दोष गाईचा नव्हता. आजीचाही नव्हता. दोष अज्ञानाचा होता. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगी रोगांशी झुंजण्याची शक्ती जवळजवळ नसते. ती त्याला आईच्या चिकातून मिळते. जसजसे तास जातात, तसतशी चिकातील ही शक्ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता कमी होत जाते. म्हणून जन्मल्यावर पहिल्या तास-दोन तासांतच त्याला चीक पाजला पाहिजे. वार पडण्याची वाट पाहायची नसते. एवढे एक वाक्य आमच्या घरी कोणाला ठाऊक असते, तर ती कालवड कदाचित वाचली असती.

हे ज्ञान गोठ्यापर्यंत नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका माणसाची ओळख तुम्हांला करून देतो. त्यांचे नाव मणिभाई देसाई. ते मूळचे सुरत जिल्ह्यातले. १९४६ साली महात्मा गांधींबरोबर ते पुण्याजवळच्या उरुळी कांचन या गावी आले. गांधीजींनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला व मणिभाई कायमचे तेथे राहिले. आश्रमात त्यांनी गीर गाई पाळल्या. चांगल्या गाई निवडायच्या, त्यांना पोटभर चारा द्यायचा, त्यांची निगा राखायची, असा त्यांचा क्रम होता. १९६७ साली त्यांनी 'भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. लोक तिला 'बाएफ' म्हणतात. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ साली ते निवर्तले. संस्थेचे काम मात्र आजही चालू आहे.

या कामाचे मर्म समजून घ्या. गाय साधारणपणे वर्षाला एकच वासरू देते. पण एका वळूची शेकडो वासरे जन्माला येतात. म्हणून वळू निकृष्ट असला, तर साऱ्या गावाची पुढची पिढी निकृष्ट निपजते. मात्र उत्तम वळू पाळणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही. यावर उपाय म्हणजे कृत्रिम रेतन. निवडक वळूचे रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात गोठवून ठेवतात. ते वर्षानुवर्षे टिकते. 'बाएफ'चे कार्यकर्ते ते भांड्यात घेऊन शेतकऱ्याच्या दारी जाऊ लागले. गाईला घेऊन मैलोनमैल चालण्याची गरज उरली नाही.

पण कोणत्या जातीचा वळू निवडायचा? याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. होल्स्टीन व जर्सी या परदेशी जाती दूध भरपूर देतात. पण त्यांना ऊन सोसत नाही, गोचिडांचा त्रासही अधिक होतो. म्हणून देशी गाईशी त्यांचा संकर करतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी या तिन्हींचे गुण एकत्र करून 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय तयार केली. दुसरीकडे, अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात टिकणारी डांगी, माणदेशातील काटक खिल्लार, मराठवाड्यातील देवणी व लाल कंधारी, वर्ध्याकडील गवळाऊ या आपल्या जाती शुद्ध राखणेही तितकेच आवश्यक आहे. आपल्या गीर जातीची जनावरे ब्राझील देशाने नेली आणि निवडीने त्यांच्यापासून भरपूर दुधाचे कळप तयार केले. बाहेरच्यांनी ओळखले, ते मोल आपण विसरू नये. आणखी एक पथ्य आहे. वळूचा संबंध त्याच्याच मुलींशी येऊ देऊ नये. तसे झाल्यास पुढची संतती दुबळी होते.

तरीही केवळ वंश चांगला असून भागत नाही. तुमच्या ओळखीचे कोणी दुबईला नोकरीस असेल. तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, हिरवा चारा उगवणे कठीण. तरीही अशा वाळवंटी देशात १९८१ साली अल ऐन येथे मोठा दुग्धव्यवसाय उभा राहिला. तिकडच्या गोठ्यांत गाईंवर छप्पर असते, पंखे फिरतात, पाण्याचे बारीक तुषार उडतात. आपल्याला एवढा खर्च झेपणार नाही. पण झाडाची सावली, वारा खेळता गोठा, पोटभर स्वच्छ पाणी, कडब्याची कुट्टी, थोडा हिरवा चारा आणि क्षारमिश्रण एवढे तर आपण देऊ शकतो!

रोगांबाबतही तसेच आहे. बुळकांडी या रोगाने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली. लसीकरणाच्या जोरावर तो २०११ साली साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. उलट २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील हजारो जनावरे दगावली. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी वेळेवर टोचून घेणे, यात हयगय नको.

आता सर्वांत स्वस्त उपाय सांगतो. त्यासाठी लागते एक वही. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. ती सकाळी माजावर आली तर संध्याकाळी, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. ती वेळ चुकली, की २१ दिवसांचा चारा फुकट गेला. गाय सुमारे नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते. विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावे. या साऱ्या तारखा लक्षात राहत नाहीत. त्या लिहाव्या लागतात. हिशेब करून पाहा. दर तेरा महिन्यांनी विणारी गाय आठ वर्षांत सात वासरे देते. दोन वर्षांनी विणारी चारच देते. दोघींच्या खाण्यापिण्याची सोय मात्र वर्षभर करावीच लागते. दुधाचा रोजचा आकडा लिहिला, म्हणजे कोणत्या गाईची कालवड राखावी, हेही वहीच सांगते.

मित्रहो, घरातील मोठी माणसे कामात गुंतलेली असतात. लिहिणेवाचणे तुम्ही शिकला आहात. तेव्हा आज घरी गेल्यावर एक जुनी वही घ्या, तिच्यावर आपल्या गाईचे नाव लिहा आणि गोठ्यातील खुंटीला अडकवा. आमच्या गोठ्यात अशी वही असती, तर कपिलेचे दावे रिकामे झाले नसते. तुमच्या गोठ्यातील दावे रिकामे होऊ देऊ नका.