ताप आला, आधी कुठे जायचं?



पावसाळा लागला, की हैदराबादेत नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलात रांग वाढते.
हातात ओपीडीची चिठ्ठी, खांद्यावर तापाने मलूल झालेलं मूल.





इथे अनेकांना साधाच ताप असतो.
मग घराजवळचा दवाखाना सोडून ते इथवर का येतात?

कारणं खरी आहेत.
दिवसा दवाखान्यात जावं, तर रोजी बुडते.
रात्री तो बंद असतो.
मोठ्या रुग्णालयात डॉक्टर, तपासणी, खाट, सगळं एका जागी मिळतं.
जिवाला धीर येतो.

पण गर्दी वाढली, की गंभीर रुग्णही ताटकळतो.

२०१८ पासून शहरात वस्त्यावस्त्यांत सरकारी बस्ती दवाखाने सुरू झाले.
तिथे डॉक्टर तपासतात.
औषधं मोफत मिळतात.
रक्ताचा नमुनाही तिथेच घेतात.

म्हणून, साधा ताप असेल तर आधी बस्ती दवाखाना.

मात्र धाप लागली,
उलट्या थांबेनात,
पोटात फार दुखलं,
रक्तस्राव झाला,
किंवा शुद्ध हरपू लागली,
तर वेळ दवडू नका.
रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.
डेंगीत ताप उतरल्यावरही ही लक्षणं दिसू शकतात.

पुन्हा सांगते.
साधा ताप, आधी बस्ती दवाखाना.
धोक्याचं लक्षण, थेट मोठं रुग्णालय.