कुरण राखावे कसे : वैरणीसाठी आणि बियाण्यासाठी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण व विवाह या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही गवतावर बोलणार आहोत. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांचा गावी थोडाफार वडिलोपार्जित माळ आहे. शहरात राहणारे भाऊ तो दरवर्षी अधिक पैसे देणाऱ्यास मक्त्याने देतात, आणि गावी गुरे राखणारे भाऊ वैरण विकत आणतात. १९७२ च्या दुष्काळात, आणि पुढे २०१३ व २०१९ साली, गुरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या, हे आपण जाणताच.

मारवेल, पवन्या, अंजन ही आपल्या माळावरील उत्तम गवते बहुवर्षायू आहेत. एकदा रुजली की ठोंब वर्षानुवर्षे फुटत राहतो. परंतु फुटव्याला लागणारे अन्न ठोंबाच्या बुडख्यात व मुळांत साठविलेले असते. पहिल्या पावसाचे कोवळे पाते गुरांनी खाल्ले, किंवा विळा अगदी जमिनीलगत चालविला, तर ती शिल्लक संपते आणि ठोंब मरतो. यास्तव कापताना निदान ४ इंच बुडखा राखावा.

एकाच गवतापासून एकाच वेळी उत्तम वैरण व उत्तम बी ही दोन्ही मिळत नाहीत. फुलोरा येऊ लागताच कापलेले गवत पौष्टिक असते. बी पक्व होईतो काडी राठ होते व तिच्यातील कस उतरतो. आपल्याकडे बहुधा दिवाळीनंतर, गवत पिवळे पडल्यावर, कापणी होते. तोवर कस गेलेला असतो आणि बीही गळून गेलेले असते. भाद्रपदात कापावे तर पावसाने गवत कुजण्याचे भय असते, हे खरे. त्यासाठी उघडीप पाहून थोडे थोडे कापावे, पसरून उलथावे, आणि पूर्ण वाळल्यावाचून गंजी रचू नये. उरलेले हिरवेच घालावे.

म्हणून माळाचे तीन भाग करावेत. एक चराईसाठी, एक फुलोऱ्यात कापण्यासाठी व एक बियांसाठी. पुढील वर्षी भागांची अदलाबदल करावी, म्हणजे प्रत्येक ठोंबास पाळीपाळीने विसावा मिळेल. चराईच्या भागातही गवत चांगले वाढल्यावाचून गुरे सोडू नयेत.

बियांचा भाग निवडताना कुसळी फार असलेली जागा टाळावी. कुसळीचे टोकदार बी मेंढ्यांच्या लोकरीत व गुरांच्या तोंडात रुतते. ती कुसळे धरण्यापूर्वीच कापावी. मारवेल व अंजन यांचे बी एकदम पिकत नाही, आणि पिकलेले लगेच गळते. तुरा तळहातावर चोळून पाहावा. बी सहज सुटू लागले की हाताने ओरबाडून घ्यावे, व काही दिवसांच्या अंतराने दोनतीनदा हेच करावे. हे काम वेळखाऊ आहे. मागे राहिलेली काडी कापून भाकड गुरांना कडब्याबरोबर घालता येते.

ताजे बी नीट उगवत नाही. ते सावलीत वाळवून कोरड्या जागी ठेवावे आणि पुढील पावसाळ्याच्या आरंभी पेरावे. बी हलके व लवदार असल्याने ओलसर मातीत मिसळून फेकावे आणि वर माती नाममात्रच पडू द्यावी. खोल गेलेले बी वर येत नाही. उजाड झालेल्या जागी असे बी टाकले, तर पहिल्या वर्षी तेथे गुरे मुळीच सोडू नयेत. सुधारित वाणांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. झाशी येथेही १९६२ पासून केंद्र सरकारची गवत व चारा संशोधन संस्था कार्य करीत आहे.

आता मुख्य गोष्ट. ही अदलाबदल तीन वर्षांची आहे आणि मक्ता एका वर्षाचा असतो. एका वर्षाच्या मक्तेदारास पुढच्या वर्षीच्या ठोंबाची चिंता कशी असावी? म्हणून शहरातील बंधूंना आमची विनंती आहे की, आपला माळ गावातील गुरे राखणाऱ्या भाऊबंदांस निदान सहा वर्षांच्या लेखी कराराने द्यावा. बुडखा राखणे, भाग पाळणे व बियांचा वाटा या अटी त्यात घालाव्यात. पहिल्या वर्षी चार पैसे कमी येतील; परंतु माळ जिवंत राहील, आणि आपल्याच घरची गुरे छावणीच्या दारी उभी करण्याची वेळ टळेल.