साभार पोच



आपल्याकडे वृत्तपत्रांत 'साभार पोच' नावाची चौकट असते. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवायच्या, निदान चौकटीत नाव येतं. 'अभिप्रायार्थ' शिक्क्याची प्रत पाहून समीक्षक विकला गेला असं कोणी म्हणत नाही.

अ‍ॅमेझॉनचा 'व्हाइन' हा त्याच घरचा. अमेरिकेत तो 2007मध्ये सुरू झाला, पुढे इथे ब्रिटनमध्येही आला. आमंत्रण कंपनीकडून येतं, पुस्तक आपण निवडायचं, अभिप्राय वाईट लिहिला तरी चालतो. माझ्या प्रत्येक अभिप्रायावर 'फुकट मिळालेली वस्तू' अशी पट्टी लागते. लोक विचारतात, फुकट खाऊन टीका कशी करता? (दिवाळीचा फराळ फुकटच असतो, तरी चकली मऊ पडली हे आपण सांगतोच की!)

मला त्या पट्टीची लाज वाटत नाही. भीती वाटते ती बिनपट्टीच्या अभिप्रायांची. 2010 साली लंडनचे नामवंत इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी याच संकेतस्थळावर टोपणनावाने प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तकांची निंदा आणि स्वतःच्या पुस्तकाची स्तुती केली. आधी इन्कार, मग पत्नीने जबाबदारी घेतली, शेवटी कबुली आणि नुकसानभरपाई. तिथे फुकट प्रतीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता लपवलेल्या नात्याचा. आता इथला कायदाही तेच म्हणतो: 6 एप्रिल 2025पासून खोटे आणि मोबदला दडवून लिहिलेले अभिप्राय बेकायदा आहेत, आणि दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

कायदा कंपन्यांना धरेल. आपल्या ओळखीपाळखीचं काय? आपल्यातलं कोणी हौसेने पुस्तक काढतं, आणि फोन येतो, "पाच तारे टाका हो, वाचा नंतर सवडीने." पुरोगामी मंडळीही यात मागे नाहीत, उलट विचार आपले असले की तारे आणखी सढळ! आणि परक्या विचारांच्या पुस्तकाला न वाचताच एक. अनोळखी वाचक मात्र त्या ताऱ्यांवर भरवसा ठेवून पदरचे पौंड मोजतो.

जवळच्या माणसाच्या पुस्तकावर लिहायला अ‍ॅमेझॉनचे नियमच मनाई करतात. म्हणून स्नेह्यांच्या पुस्तकांवर मी फक्त मंडळाच्या स्मरणिकेत लिहितो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: लेखक माझे मित्र आहेत, प्रत त्यांनीच दिली. दोघांनी त्यानंतर प्रत पाठवणं बंद केलं. तिसऱ्या बाईंनी पुढच्या पुस्तकाचा कच्चा खर्डाच पाठवला, समासात भरपूर जागा सोडून.