पटावरचे धुके
(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)

 

कापडाच्या व्यापाऱ्याने निसर्गचित्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपला शत्रुंजय पट परंपरेने कापडावरच रंगवला गेला आहे. कार्तिकी पौर्णिमेस गिरिराजाची यात्रा पुन्हा सुरू होते. ज्यांना पालीताण्यास जाणे शक्य नसते, ते पटासमोर उभे राहून भावयात्रा करतात. जय तळेटी, हिंगराजचा चढ, नऊ टुंका, शेत्रुंजी नदी, सारे त्यात सारखेच स्पष्ट असते. जवळ-दूर हा भेदच नाही.

मातोश्रींचे गुडघे निकामी झाले, तेव्हा मी त्यांच्यासाठी जलरंगात गिरिराज रंगवला. छायाचित्र समोर ठेवून शिखरे मोजून काढली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "देरासरे सगळी आली रे, पण आपण चढलो तेव्हा पुढचे काही दिसत होते का?" खरेच होते. त्या पहाटे दाट धुके होते आणि दहा वर्षांचा मी त्यांचा पदर धरून चढत होतो.

तेव्हा कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांची आठवण झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाखालील हा थोर चित्रकार १९३१ साली निवर्तला. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हाच परिसर त्यांनी पुनःपुन्हा रंगवला. पाणी तेच, प्रकाश मात्र रोज निराळा.

मीही ठाकुर्लीच्या खाडीकाठी पहाटे बसू लागलो. कागद ओला करून पातळ रंग सोडायचा. दूरचे ते फिकट, निळसर. शुभ्रता हवी तेथे कागदच राखायचा. हे मला फार कठीण गेले, कारण दुकानातला रिकामा कप्पा व्यापाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो! शिवाय धुके दहा मिनिटांत विरते. उरलेले चित्र आठवणीनेच पुरे करावे लागते. चोळे येथील रेल्वेचे वीजगृह केव्हाच बंद पडले, तरी लहानपणी पाहिलेला त्याचा धूर माझ्या आकाशात अजून उतरतो.

पुढे दोन पावसाळे गेले. मग गिरिराज पुन्हा रंगवला. चार-पाच पायऱ्या, एका पदराची कड आणि त्यापलीकडे कोरा कागद. एव्हाना मातोश्रींची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले, कोऱ्या जागेवर बोट टेकवले आणि म्हणाल्या, "दादांचे देरासर इथे आहे."

जय जिनेन्द्र!