फीसाठीची शिल्लक

सुकन्या समृद्धी खात्याचं पासबुक टपाल कार्यालयात सगळ्यांना सारखंच मिळतं. आतले आकडे मात्र घराची मिळकत सांगतात. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत आता वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात, कमाल दीड लाख. पंधरा वर्षांत एका मुलीच्या नावावर साडेबावीस लाखांचं मुद्दल जमतं, तर दुसरीच्या नावावर पावणेचार हजारांचं. व्याजदर मात्र दोघींना एकच!

मिळकत किती, याइतकंच ती कधी येते हेही महत्त्वाचं. पगारदाराचा हप्ता दरमहा बँकेतून परस्पर वळता होतो. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या हाती पैसा येतो सुगीनंतर, आणि त्यातून आधी पीककर्ज अन् खत-बियाण्यांची उधारी भागवावी लागते. रोजंदारीवरची आई पोटाला चिमटा काढून बचत गटात पैसे टाकते. पण घरात कुणी आजारी पडलं की तीच शिल्लक मोडते.

म्हणूनच फीमाफी लाखमोलाची. महाराष्ट्रात 2024-25पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. खोलीभाडं, खानावळ, पुस्तकं यांची तजवीज मात्र घरालाच करावी लागते.