गाळ काढायचा तो उन्हाळ्यातच

(खडकवासला येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इथे येताना धरणाच्या चौपाटीवर जरा थांबलो. मे महिना आहे. पाणी खाली गेलंय, काठचा काळा गाळ उघडा पडून भेगाळलाय. पुणेकर माणूस रोज सकाळी पेपरात धरणाच्या साठ्याचा टक्का बघतो आणि त्यावर दिवसभराची चिंता ठरवतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या घरी हे महिन्याच्या एक तारखेला घडतं. त्या दिवशी नवी रेटिंग यादी लागते. वाढलं तर पेढे, घटलं तर अबोला. पण सगळ्यात वाईट महिने कुठले? आकडा हलतच नाही ते. मग आई विचारते, "सर, याचं अडलंय कुठं?" आणि मुलगा खाली बघून म्हणतो, "मला नाही खेळायचं आता."

मी निवृत्त शिक्षक. रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि स्वतःही स्पर्धांत हरायला जातो. माझं रेटिंग चार वर्षं साडेपंधराशेच्या घरात मुक्कामाला होतं. तेव्हा आज बोलणार आहे ते निम्मं अनुभवाचं आहे.

आधी त्या आकड्याचा हिशेब करू. अपेक्षेपेक्षा कमी-जास्त झालेले गुण ज्या आकड्याने गुणतात, तो गुणक प्रौढ खेळाडूचा साधारण २० असतो. बरोबरीच्या खेळाडूंशी नऊ डाव खेळलात तर साडेचार गुण अपेक्षित. झाले तीन, तर ३० रेटिंग गेलं. दीड गुण म्हणजे काय? एका डावात घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही, दुसऱ्यात हातची बरोबरी निसटली. एवढ्यावर "माझी बुद्धी मंदावली" असा निकाल कोणी देऊ नये. शिवाय अठराच्या आतल्या मुलांचा गुणक ४०. ती भराभर चढतात, आणि चढताना आपल्या खांद्यावर पाय देऊन चढतात. रेटिंग ही आपली उंची नव्हे, ती रांगेतली जागा आहे. सगळी रांगच पुढे सरकत असेल तर पुढे चालूनही आपण होतो तिथेच दिसतो.

आता या धरणाकडेच बघा. खडकवासल्याची स्वतःची साठवण जेमतेम दोन टीएमसी. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांची मिळून २९ टीएमसीच्या वर. चौपाटीवरून आपल्याला दिसतं ते फक्त इथलं पाणी. खरा साठा वर, डोंगराआड. वर पाणी साठत असतानाही इथली पातळी जागची हलत नाही, असे दिवस असतात.

शिकण्याचंही तसंच असतं. डी.एड. झालेल्यांना "अध्ययनातील पठारावस्था" हा शब्द आठवेल. त्याचं मूळ तारखात्यात आहे. १८९७ आणि १८९९ साली ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तार घ्यायला शिकणाऱ्यांची प्रगती मोजली. माणूस आधी भराभर शिकतो, मग महिनोन्‌महिने तिथेच राहतो आणि मग पुन्हा चढतो. त्यांचं म्हणणं असं, की आधी कट्ट-कडकट्टमधून एकेक अक्षर ऐकू येतं. ते अंगवळणी पडल्याशिवाय अख्खा शब्द ऐकू येत नाही. बुद्धिबळातही हेच. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवून दिलं, की खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद बघून उस्ताद ती बव्हंशी जशीच्या तशी लावतो. मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याची चलाखी बरीचशी ओसरते. त्याला एकटंदुकटं मोहरं दिसत नाही, शब्द दिसतो. आपण अजून अक्षरं लावत असतो.

पण थांबा. थांबलेलं प्रत्येक पाणी म्हणजे वर साठा होतोय, असं मी म्हणणार नाही. ती स्वतःची समजूत काढणं झालं. कधी साठवणच कमी झालेली असते, कारण तळाला गाळ असतो. आणि धरण भरलेलं असताना गाळ कोणाला दिसतो? जिंकत असतो तेव्हा आपल्या वाईट सवयीही जिंकतात.

माझा गाळ सांगतो. हरलेल्या डावांचे कागद मी घडी करून पिशवीत टाकायचो आणि रात्री मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून राग काढायचो. त्याला मी सराव म्हणायचो. एका उन्हाळ्यात सगळे कागद काढून बसलो. वाटलं होतं, सुरुवातीच्या खेळ्या कच्च्या असतील. त्यावरची पुस्तकंही घेतली होती. निघालं भलतंच. निम्म्याहून जास्त डाव हत्तींच्या शेवटात घालवले होते. हातात जिंकलेला डाव, प्यादं सातव्या पट्टीत, माझा राजा त्याच्या पुढच्या घरात अडकलेला. आणि तो बाहेर काढला की मागून शहावर शह. यावर ल्युसेनाच्या नावाने ओळखला जाणारा जुना तोडगा आहे: हत्ती चौथ्या पट्टीत आणून ठेवायचा, म्हणजे राजा खाली उतरला की त्याला आडोसा मिळतो. त्याला "पूल बांधणं" म्हणतात. मी चार वर्षं पुलाशिवाय नदी ओलांडत होतो.

मोठ्यांचं तरी वेगळं असतं का? प्रवीण ठिपसे १९८५ मध्ये राष्ट्रकुल बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सात वेळा मिळवलं. पण ग्रँडमास्टर किताब आला १९९७ साली, अडतिशीच्या उंबरठ्यावर. मधली बारा वर्षं विचारात घ्या. नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरला आणि अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण करून तीच स्पर्धा जिंकला. आणि नागपूरची दिव्या देशमुख. २०२५ चा महिला विश्वचषक खेळायला बाटुमीला गेली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे पात्रतेची कामगिरी, तिच्याकडे नव्हता. परतली ती विश्वचषक आणि किताब घेऊनच. किताबाच्या खात्यात तोवर काय दिसत होतं? काहीच नाही.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगतो. तीन महिने रेटिंग बघायचं काम आईबाबांकडे, आणि त्यांनीही ते तोंडावर आणायचं नाही. तू मोजायचं ते तुझ्या हातातलं: हरलेले किती डाव यंत्र न लावता स्वतः तपासले, विचारासाठी किती वेळ हात मांडीखाली ठेवला. एका वेळी एकच गाळ. आणि कंटाळा आला तर पंधरा दिवस पट बंद. सिंहगड चढ, पिठलं-भाकरी खा. पट कुठे जात नाही.

कोणी म्हणेल, एवढं करूनही आकडा नाहीच वाढला तर? शक्य आहे. माझाही फार वाढलेला नाही. पण या खेळाशी आपलं नातं एकट्या आकड्याचं नसतं. आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या महिलांनी ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा कर्णधार म्हणून ते पटाच्या अलीकडे उभे होते. आणि त्या संघात दिव्या होती.

पाऊस महिन्याभरात येईल. हा काठ पुन्हा पाण्याखाली जाईल आणि गाळ कोणाच्या लक्षातही राहणार नाही. तेव्हा ज्यांचं पाणी आत्ता खाली आहे, त्यांना माझं रविवारचं आमंत्रण आहे. हरलेल्या डावांचे कागद घेऊन या. जिंकलेले घरीच राहू द्या.